दंडाचा घेर आणि हृदयाची तपासणी

‘आमच्या पोरांना कुठला आलाय बीपी?’ असे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे कुणी म्हणाले तर त्याला उत्तराची अपेक्षा नसते. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूची मुले काटक असतात. शाळेला जाता-येता चढ-उतार होतो आणि अंगावर मांस कमीच. रक्तदाब हा ठाणे-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मोबाइल घेऊन बसणाऱ्या, वजन वाढलेल्या मुलांचा आजार, असा समज पालकांत आहे, शिक्षकांत आहे आणि थोडाफार आरोग्ययंत्रणेतही आहे. समज चुकीचा आहे हे सांगणे सोपे आहे. तो चुकीचा असूनही इतकी वर्षे खरा का वाटत राहिला, याचा शोध घेणे जास्त कामाचे. त्याचे एक कारण दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातच सापडते.

बीपीच्या पट्ट्यात हवेची पिशवी असते. तिची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के असावी, असा नियम आहे. प्रौढांचा नेहमीचा पट्टा २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, लहान प्रौढांचा २२ ते २६ साठी आणि मुलांचा १६ ते २१ साठी. किडकिडीत मुलाच्या वीस सेंटिमीटरच्या दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर उलट, जास्त येतो. म्हणजे एकच प्रौढांचा पट्टा घेऊन कुणी जिल्हाभर फिरले, तर शहरातल्या जाड मुलांत रक्तदाब वाढलेला सापडेल आणि शहापूरच्या बारीक मुलांत तो लपून राहील. नंतर तेच आकडे मांडून ‘हा शहरी आजार आहे’ असा निष्कर्षही काढता येईल.

गंमत म्हणजे दंडाचा घेर मोजण्यात या भागाइतका सराव क्वचितच कुठे असेल. कुपोषणाच्या कामामुळे अंगणवाडीताईंपासून आशाताईंपर्यंत सगळ्यांना ती टेप ठाऊक आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की काय करायचे, हे त्या झोपेतही सांगतील. तीच टेप तेरा वर्षांच्या मुलाच्या दंडाला लावली की कोणता पट्टा बांधायचा ते कळते. पौगंडावस्थेतल्या मुलांच्या हृदयाची तपासणी इथून सुरू व्हायला हवी, टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीतून नव्हे. इको निरुपयोगी आहे असे यातून कुणी समजू नये. इकोला काय विचारायचे हे आधी ठरलेले नसेल, तर इकोही फसवतो. त्याबद्दल पुढे येईलच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. म्हणजे हा कार्यक्रम अक्षरशः इथल्याच मातीत सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले, दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक, अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा भेट, अशी त्याची रचना आहे. पथकाच्या सामानात बीपीचे यंत्र आणि वयानुसार पट्टे असावेत, असे मार्गदर्शक सूचनाच सांगतात. शोधायच्या तीसेक आजारांच्या यादीत हृदयाचे दोन आजार आहेत: जन्मजात हृदयविकार आणि संधिवाताच्या तापातून होणारा झडपांचा विकार. उच्च रक्तदाब त्या यादीत नाही. दुसऱ्या बाजूला मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांसाठीचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम आहे. त्याची गावपातळीवरची तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. किशोरांसाठी २०१४ साली आलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत असंसर्गजन्य आजार आहेत खरे, पण त्याचा भर समुपदेशनावर आहे.

यामुळे एक विचित्र फट राहिली आहे. मुलाच्या छातीत स्टेथोस्कोपला जादा आवाज आला तर त्याच्यासाठी वाट आखलेली आहे. नाव यादीत जाते, इको होतो, गरज पडली तर मुंबईत शस्त्रक्रियाही होते, आणि अशा शस्त्रक्रियांमुळे कितीतरी मुले वाचली आहेत. पण ज्याचे हृदय जन्मतः ठीक आहे आणि वाढलेल्या दाबाविरुद्ध रोज लाख वेळा ठोके देत आहे, त्या चौदा वर्षांच्या मुलाचा आकडा मोजला गेला तरी पुढे कुठे न्यायचा हे ठरलेले नाही. तो तिशीत पोचेपर्यंत यंत्रणा त्याची वाट पाहते.

अशी मुले आहेत तरी किती? २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाच्या अहवालात देशातल्या १० ते १९ वयाच्या मुलांपैकी सुमारे पाच टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचे म्हटले आहे. त्याच सर्वेक्षणातली मोजमापे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१७च्या निकषांनी पुन्हा तपासली गेली, तेव्हा १० ते १२ वयोगटात एक तृतीयांशाहून जास्त आणि १३ ते १९ मध्ये सुमारे चौथा हिस्सा मुले रेषेपलीकडे निघाली. हा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला. मुले तीच आणि आकडे तेच असताना, फुटपट्टी बदलताच रुग्णसंख्या पाच-सात पट झाली. म्हणून ‘भारतात इतके कोटी मुलांना बीपी’ अशी बातमी वाचली की मी आधी फुटपट्टी शोधतो. शिवाय सर्वेक्षणात मुलाची गाठ एकदाच पडते. निदानासाठी वेगवेगळ्या तीन दिवशी मोजमाप लागते, कारण अनोळखी माणूस, पांढरा कोट आणि मागे चिडवणारी रांग एवढ्यानेही मुलाचा दाब चढतो.

शहापूर-मुरबाडमध्ये फुटपट्टीचा प्रश्न आणखी एका बाजूने अडतो. २०१७च्या निकषांत तेरा वर्षांखाली वय, लिंग आणि उंची पाहून रेषा ठरते; तेराच्या पुढे सगळ्यांना सरसकट १३०/८०. उंचीनुसार रक्तदाब बदलतो. लहानपणी उपाशी राहिल्यामुळे वाढ खुंटलेल्या, चौदाव्या वर्षी एकशे चाळीस सेंटिमीटरवर थांबलेल्या ठाकूर किंवा कातकरी मुलीसाठी १३०ची रेषा सैल पडते. तिच्या शरीराच्या मानाने जास्त असलेला दाब कागदावर ‘ठीक’ दिसू शकतो. आधी पट्ट्याने आकडा खाली आणला आणि मग निकषाने त्याला सूट दिली, असे दोनदा घडले की ‘आमच्या पोरांना बीपी नसतो’ हे वाक्य पुराव्यासकट सिद्ध होते.

पण बारीक आणि कष्टाळू मुलांत दाब वाढावाच का? याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या कामात आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून तिथल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आहेत. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण कमी पडतात ते स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने टिकून असते, असे त्यांनी दाखवले. डेव्हिड बार्कर यांनी ब्रिटनमधल्या जुन्या जन्मनोंदींवरून मांडलेला विचार याच दिशेचा होता: गर्भात ज्याला कमी मिळाले, त्याला पुढे हृदयरोगाचा आणि रक्तदाबाचा धोका जास्त. मूत्रपिंडाच्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात, नंतर त्यांची संख्या वाढत नाही. कमी वजनाच्या बाळात त्या कमी असतात, आणि थोड्या गाळण्यांवर आयुष्यभराचे मीठ उपसायचे तर दाब वाढवावा लागतो.

तेव्हा ‘आधी कुपोषण संपवा, मग बीपीचे बघू’ हा युक्तिवाद मला पटत नाही. कुपोषण आणि रक्तदाब यांची रांग लावताच येत नाही. ज्या बाळाचे वजन दोन किलो भरले म्हणून गावात काळजी झाली, तेच मूल बारा वर्षांनी शाळेबाहेरच्या दुकानातली पाच-दहा रुपयांची खारट पाकिटे खात असते. पावसाळ्यात घरात सुकट-बोंबील असतो, जोडीला लोणचे-पापड. (सुकटीवर बंदी घाला असे सांगणारा आहारतज्ज्ञ मला नको आहे. त्या घरातली बरीचशी प्रथिने तिच्यातूनच येतात. पाकिटांची बाजू ऐकायची मात्र माझी तयारी नाही.) डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८च्या अहवालात प्रौढ आदिवासींत चारांतल्या एकाला उच्च रक्तदाब असल्याचे नोंदवले. हे प्रौढ तिसाव्या वाढदिवशी अचानक आजारी पडलेले नसतात.

आता हृदयाकडे. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचे तर डाव्या निलयाला, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याला, जास्त जोर लावावा लागतो. भिंतीवरचा ताण कमी करण्यासाठी ती भिंत जाड होते. सुरुवातीला हा समंजस उपाय असतो. पण जाड भिंत ताठर होत जाते आणि ठोक्यानंतर नीट सैलावत नाही. रक्त आत यायला आधी कर्णिकेला, म्हणजे वरच्या कप्प्याला, जोर लावावा लागतो, मग फुफ्फुसांपर्यंत दाब चढतो. दाबाने होणारे नुकसान बहुधा आधी सैलावण्यात दिसते आणि बऱ्याच उशिरा आकुंचनात.

आणि इकोच्या अहवालात सगळे पाहतात तो आकडा मात्र आकुंचनाचा: ‘ईएफ ६० टक्के’. निलयात जमलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडले, एवढेच तो सांगतो. भिंत जाड आणि आतली जागा लहान असली की हा आकडा छान येतो, कधी नेहमीपेक्षाही वर. स्नायूंचे उभे धागे, वरून खाली लहान होणारे, आधी कमजोर होतात; आडवे धागे त्यांची कसर भरून काढतात आणि टक्केवारी जागच्या जागी राहते. पालकांना ‘हार्ट नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते. रक्तदाबाच्या मुलासाठी हे वाक्य अपुरे आहे. तिथे तीन प्रश्न विचारायला हवेत. निलयाचे वस्तुमान त्याच्या उंचीच्या मानाने किती? रक्त आत येतानाचा वेग आणि भिंत सैलावण्याचा वेग यांचे गुणोत्तर काय? आणि जिथे सोय असेल तिथे, स्नायू लांबीत किती टक्के आखडतो, म्हणजे स्ट्रेन किती? निरोगी हृदयात हे आखडणे वीस टक्क्यांच्या आसपास असते. अमेरिकेत पौगंडावस्थेतल्या मुलांवर झालेल्या ‘शिप अहॉय’ या अभ्यासात दिसले, की उच्च रक्तदाबाच्या रेषेच्या अलीकडे असलेल्या मुलांतही वस्तुमान वाढू लागते आणि हे सूक्ष्म बदल दिसू लागतात. रेषा आपण सोयीसाठी आखतो. हृदय तिची वाट पाहत नाही.

इथेही शहापूरची अडचण वेगळी आहे. आठ वर्षांपुढच्या मुलाचे निलय जाड ठरवायला उंचीच्या २.७व्या घातामागे ५१ ग्रॅम ही मर्यादा वापरतात. ती वाढ खुंटलेल्या मुलांवरून ठरलेली नाही. त्यात रक्तक्षयाची भर. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळतो. रक्त पातळ असले की हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते आणि निलय त्याही कारणाने वाढते. म्हणजे हिमोग्लोबिन न पाहता वाचलेला इको इथे अर्धाच वाचलेला असतो. ईसीजीवर भागवावे तर मुलांत भिंत जाड झाल्याचे तो भरवशाने सांगत नाही; मार्गदर्शक सूचना त्यासाठी ईसीजी वापरू नका असेच म्हणतात.

मग आदिवासी मुलांच्या सगळ्या निवासी आश्रमशाळांत इकोची शिबिरे घ्यावीत का? उत्साही संस्था असे सुचवतात, फोटोही छान येतात. माझे उत्तर नाही असे आहे.

झडपांच्या विकाराचा अनुभव पाहा. कंबोडिया आणि मोझांबिकमध्ये शाळकरी मुलांचे इको केले तेव्हा स्टेथोस्कोपपेक्षा जवळपास दहापट मुलांत झडपांचे बदल दिसले. हा निबंध २००७चा. त्यानंतर बरीच वर्षे त्या मुलांचे काय करायचे हेच कुणाला खात्रीने सांगता येत नव्हते. युगांडातल्या चाचणीने महिन्याला एक पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यास विकार वाढणे बरेच थांबते असे दाखवले, ते २०२१ साली. तोवर कित्येक घरांना मुलाच्या हृदयात ‘काहीतरी आहे’ एवढेच कळले होते. रक्तदाबात इकोची वेळ ठरलेली आहे: दाब खरोखर वाढलेला आहे हे पक्के झाल्यावर, औषध सुरू करायचा विचार होतो तेव्हा. त्याआधीचा इको म्हणजे उत्सुकता.

दुसरी बाब कायद्याची आहे आणि ती शिबिरवाल्यांना हमखास विसरायला होते. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली इकोचे यंत्रही येते. हातात मावणारे यंत्र पिशवीत घालून खर्डीहून किन्हवलीला न्यायचे, तिथून धसईला, असे चालत नाही. नोंदणी ज्या जागेची, त्या जागेतच ते वापरायचे. अपवाद इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या दवाखान्याचा. या कायद्याने महाराष्ट्रात जे काम केले ते पाहता त्याच्यात पळवाट शोधण्यापेक्षा थोड्या मुलांना यंत्रापर्यंत नेणे बरे.

हे नेणे मात्र फुकट होत नाही. शहापूरला आसनगावहून लोकल तरी आहे. मुरबाडहून एसटीने कल्याण गाठायचे, पुढे ठाणे किंवा परळ. एका पालकाची मजुरी बुडते, कधी दोन दिवसांची. म्हणून ज्याला पाठवायचे तो नेमका हवा, आणि ती नेमकी निवड पट्टा, चोवीस तासांचे रक्तदाबयंत्र आणि लघवीची पट्टी करू शकतात. चोवीस तासांचे यंत्र दंडाला बांधून मूल वर्गात बसते, खेळते, झोपते. दर वीस-तीस मिनिटांनी आकडा नोंदला जातो आणि घाबरून चढलेला दाब कोणता, खरा कोणता हे उघड होते. त्याला गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची आडकाठी नाही. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे खर्चायला पैसे असतील तर मी इकोआधी या यंत्रांवर खर्चेन.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१३ साली आणि पुन्हा २०२० साली सांगितले, की लक्षणे नसलेल्या मुलांचा रक्तदाब सरसकट तपासल्याने पुढे आयुष्यात फायदा होतो की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ‘करू नका’ असे ते म्हणाले नाहीत, पण ‘करा’ असेही नाही. त्यांच्या कसोटीवर मलाही उत्तर नाही. चौदाव्या वर्षी उपचार घेतलेला मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघातापासून वाचला, असे दाखवायला तीस वर्षांची चाचणी लागेल आणि ती कुणी करणार नाही. पण अमेरिकेतल्या मुलाला बालरोगतज्ज्ञ आहे, दरवर्षीची तपासणी आहे, आणि त्याच्या वाढलेल्या दाबामागे बहुतेक वेळा वजन असते. इथल्या बारीक मुलात दाब खरोखर वाढलेला सापडला तर त्यामागे दुसरा आजार असण्याची शक्यता बरीच मोठी, आणि तो आजार आजच उपचार मागत असतो.

आश्रमशाळेच्या वसतिगृहात खरूज पसरते हे सर्वांना माहीत आहे. खाजवून झालेल्या फोडांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतात आणि काही आठवड्यांनी एखाद्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो, लघवी चहाच्या रंगाची होते. मूत्रपिंडाला सूज आलेली असते. दाब झपाट्याने चढतो आणि हृदय त्या ओझ्याखाली काही दिवसांत थकू शकते. वेळेवर ओळखले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. खरजेचे मलम हे इथे हृदयाचे औषध आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर हातात दाब जास्त आणि पायात कमी असतो; जांघेतली नाडी चाचपली की शंका येते. ताकायासू या आजारात धमन्यांच्या भिंती सुजतात. मूत्रपिंडाची धमनी अरुंद होऊन दाब वाढण्याचे हे भारतातले मुलांमधले सर्वांत मोठे कारण आहे. त्यात कधी एका हाताची नाडी जवळजवळ लागत नाही. नेमका तोच हात मोजला तर आकडा उत्तम येतो. उजवा हात, मग डावा, मग जांघ, आणि शेवटी लघवीत पट्टी बुडवणे, याला दहा मिनिटे पुरतात.

तीन वेगळ्या दिवशी मोजायची अट मुंबईच्या दवाखान्यात पाळणे कठीण, कारण लोक परत येत नाहीत. गावातल्या शाळेत त्याहून कठीण. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि ऑक्टोबरात पहिला आकडा जास्त आलेले मूल डिसेंबरात गावात नसते. निवासी आश्रमशाळेत मात्र मूल जून ते एप्रिल एकाच जागी आहे, झोपायची वेळ ठरलेली, जेवण एका स्वयंपाकघरातले. मीठ कमी करायचे तर तीनशे मुलांचे एकाच पातेल्यात कमी होते. गोळी द्यायची तर रोज देणारे कुणीतरी आहे. आश्रमशाळांबद्दल वाईट लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि मीही लिहिले असते. पण किशोरांचा रक्तदाब नीट मोजायला आणि आटोक्यात ठेवायला एवढी सोयीची जागा ठाणे जिल्ह्यात दुसरी नाही.

मुलींच्या बाबतीत याला घाईचीही बाजू आहे. दहावी-बारावीनंतर वर्ष-दोन वर्षांत लग्न आणि लगेच पहिले बाळंतपण, हे इथे अजून सर्रास घडते. दाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, लोसार्टनसारख्या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक असतात, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला औषध निवडतानाच पुढचा विचार लागतो. तिचा दाब कुणी पाहिलेलाच नसेल तर वेगळा घोटाळा होतो. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब नैसर्गिकपणे खाली येतो. आधीपासून वाढलेला दाब नेमका तेव्हाच, माता-बाल कार्डावर पहिली नोंद होताना, साधा दिसतो. आठव्या महिन्यात तो चढला की हा जुनाच आहे की गरोदरपणातला नवा, हे उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला कळायला मार्ग राहत नाही. झटके येण्याचा धोका किती आणि बाळंतपण किती लवकर करायचे, हे त्या उत्तरावर ठरते. बाळ कमी वजनाचे जन्मते, त्याच्या मूत्रपिंडात गाळण्या कमी असतात आणि पुढचे वर आलेच आहे. शाळा सोडताना दाखल्यासोबत मुलीचे शेवटचे तीन रक्तदाब, कोणत्या हाताने आणि कोणत्या पट्ट्याने घेतले यासकट, सासरच्या गावच्या आशाताईपर्यंत पोचवायचे तर नवे यंत्र लागत नाही. आदिवासी विकास विभागाची वही आणि आरोग्य विभागाचे कार्ड एकमेकांना दाखवायची परवानगी तेवढी लागते, आणि ती देणारे दोन्ही अधिकारी ठाणे जिल्ह्यातच बसतात.